चन्नवीरमामांचा सहा बोल्टांचा ड्रम

आमच्या पेठेत एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. अण्णारावांच्या बँडातला साइड ड्रमवाला चन्नवीर ठार बहिरा आहे. अण्णाराव त्याला दयेपोटी ठेवतात, मागच्या ओळीत उभा करतात, आणि त्याच्या काड्या ड्रमला लागतसुद्धा नाहीत. "हात हलवतंय नुस्तं, गणपतीपुढच्या देखाव्यातल्या बाहुल्यावानी," असं केराबाई नळावर सांगायची. तिचं ते नाकातलं "नुस्तं" मी असं काढायचो की रांगेतल्या बायका मागे वळून तिलाच शोधायच्या.

पण हे खोटं होतं. काड्या चांगल्या लागत होत्या. आणि चन्नवीरमामा ठार बहिरे नव्हते, अर्धे होते. मिलमध्ये मागांच्या खडखडाटात त्यांची उमेदीची वर्षं गेली आणि कानातले बारीक आवाज तिथेच झडून गेले. जाड तेवढे उरले. ट्रक, रेडा, ढोल, अण्णारावांची जवळून दिलेली शिवी हे ऐकू यायचं. सायकलची घंटी, चिमण्या, शिट्टी यांतलं काही नाही. मिलच्या माणसांना ओठ वाचायची सवय असते, त्या गोंगाटात दुसरा उपायच नसतो. त्यामुळे समोरून बोललं की मामांना सगळं कळायचं, आणि त्यांना काय कळत नाही ते कुणालाच कळायचं नाही.

मला कळलं ते असं. बँडची तालीम चालू असताना मी शेडच्या दाराआड उभं राहून, दोन बोटं तोंडात घालून अण्णारावांची शिट्टी मारली. एक शिट्टी म्हणजे सगळ्यांनी जागच्या जागी गप्प, असा त्यांचा नियम. ट्रंपेट थांबले, ढोल थांबला, मामाही थांबले. मग सगळे शिट्टी कुठून आली म्हणून दाराकडे बघू लागले. मामा तेवढे ट्रंपेटवाल्याच्या गालांकडे बघत राहिले.

त्याच आठवड्यात अण्णारावांनी मुंबईहून नवा ड्रम आणला. पोलादी, दहा बोल्टांचा, तोंड बघून भांग पाडावा असा चकचकीत. काडी टेकली की "टॅर्रर्र!" पत्र्यावर शेंगदाणे ओतल्यागत. मामांचा ड्रम लाकडी घेराचा, कातड्याचा, त्याला बोल्ट सहाच. त्याचा आवाज "ढर्रर्र", पोत्यातून ज्वारी सुटावी तसा. त्यात एक खोड होती. मामांनी काडी लावली नसली तरी शेजारी ट्रंपेट वाजला की त्याच्या खालच्या तारा आपोआप कुरकुरायच्या.

"भूत बसलंय का रे त्यात?" अण्णाराव नाकातून म्हणाले. "न वाजवताच घूं घूं करतंय. ठेव ते खोकं घरी. चूल पेटवायला होईल."

"राहू द्या की अण्णाराव. हाताला बसलाय तो."

"हाताला बसलाय का कानाला?" अण्णाराव अगदी समोर येऊन उभे राहिले. "लोक काय म्हणतात मला ठाऊक नाही होय? दुसऱ्याचे गाल बघून वाजवतो म्हणे. परवा तेलवाल्यांच्या मुलाचा परण्या आहे, मारुतीच्या देवळापर्यंत. वाजव तुझं खोकं. पण पहिल्या ओळीत, सगळ्यांच्या पुढं. देवळाच्या दारात माझी शिट्टी झाली की गप्प. शिट्टीनंतर एक जरी टिपरू पडलं तर बँडातनं बाहेर."

बाहेर म्हणजे काय ते मामांना माहीत होतं. मिल सुटली होती. दुसरा कुठला बँड अर्ध्या कानाचा वाजवणारा घेणार? आणि परण्या म्हणजे लग्नाआधी नवरदेवाला देवळात नेणारी मिरवणूक, तिचं तसलंच असतं. नवरदेव देवळाच्या पायरीवर पाय ठेवणार तेव्हा वाद्य एकदम तुटलं पाहिजे. मागाहून एखादा ठोका पडला तर बायका लगेच अपशकुन म्हणून तोंडाला पदर लावतात.

संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर गेलो. आत त्यांची बायको सारजाबाई भाकऱ्या थापत होती.

"मामा, पुढं उभं राहिल्यावर गाल कुणाचे बघणार? घोड्याचे?"

"का बे, तुला काळजी?"

"तुमी थांबणार न्हाई मामा. मी पैज लावतो."

मामांनी काड्या खाली ठेवल्या. "लाव. मी हरलो तर ड्रम तुझा. तसाबी मग काय कामाचा? तू हरलास तर मी सांगीन त्याची नक्कल करायची, मी पुरे म्हणेपर्यंत. आणि खुणाबिणा करायच्या न्हाईत. हात खिशात."

वैशाखाचं ऊन. सकाळी निघालेला परण्या रेंगाळत रेंगाळत दुपारवर आला. पुढे एकटे मामा, त्यांच्या पाठीमागे ट्रंपेट, मग ढोल, मग घोड्यावर घामाघूम नवरदेव, आणि त्याच्या बाजूला शिट्टी ओठांत धरून अण्णाराव. मी कडेने चालत होतो, दोन्ही हात खिशात. जिंकलो तर ड्रम मला मिळणार होता, तरी आपण हरावं म्हणून मी मनात मारुतीला साकडं घालत होतो.

पेठ संपली, सावली संपली, आणि ड्रमचा आवाज बदलायला लागला. ऊन लागलं की कातडं ताणतं. "ढर्र"चं "डर्र" झालं, "डर्र"चं "टर्र". मामांना ते ऐकू येत नव्हतं हे मला ठाऊक होतं. पण त्यांचा चेहरा उतरला. ते डावी मांडी ड्रमला दाबून चालू लागले, पुन्हा पुन्हा दाबून, अंधारात दाराची कडी चाचपावी तसे. मारुतीचा कळस दिसायला लागला होता.

मग मामांनी एक काडी बगलेत धरली, खिशातून बोल्टांची चावी काढली आणि उजव्या हाताने ठेका धरून डाव्या हाताने बोल्ट सैल करायला लागले. एक इकडचा, एक त्याच्या समोरचा. चालत चालत.

तेलवाल्यांपैकी एकजण पुढे धावत आला. "अरे, वाजवायला आणलंय का दुरुस्तीला?"

मामांनी त्याचे ओठ बघितले, मान हलवली आणि चावी फिरवत राहिले. मागून अण्णाराव ओरडले, "चन्नवीर! ए चन्नवीर!" त्या गोंगाटात कुणालाच ऐकू गेलं नसतं, पण मामांनी वळून बघितलं नाही, तेव्हा अण्णारावांनी 'आता सापडलास' अशी मान डोलावली. माझे हात खिशातल्या खिशात घामाने चिकटले. सहावा बोल्ट फिरला. "टर्र"चं पुन्हा "ढर्र" झालं, ज्वारी पुन्हा सुटली. दहा बोल्ट असते तर सैल करता करता मारुती मागे पडला असता.

देऊळ आलं. नवरदेवाला उतरवलं. बँड टिपेला पोचला होता. मामा देवळाकडे तोंड करून, सगळ्यांना पाठ करून, डोळे मिटून वाजवत होते. डोळे मिटून! अण्णारावांनी छाती भरली आणि शिट्टी फुंकली.

गप्प.

एक चुकार "छिन्न" आलं ते झांजवाल्याचं. तो लगेच खोकला. मामांच्या काड्या ड्रमच्या वर, वीतभर अंतरावर थांबल्या होत्या. अण्णाराव चालत पुढे आले, ड्रमकडे बघितलं, मामांकडे बघितलं आणि शिट्टी खिशात टाकली. "चावी दोरीनं कमरेला बांध," एवढंच म्हणाले. "पडली तर पंचाईत." नवा ड्रम पुढे शेडच्या दारावर टांगला गेला, गिऱ्हाइकाला लांबून दिसावा म्हणून.

ओट्यावर बसल्यावर मी विचारलं, "मामा, कसं काय?"

त्यांनी माझा तळहात ड्रमच्या लाकडावर ठेवला. "ओरड. ट्रंपेटागत." मी ओरडलो. तारा कुरकुरल्या आणि लाकडातून मुंग्या हातात चढल्या. मी थांबलो, मुंग्याही थांबल्या.

"मागं जे वाजतंय ते ह्यो मांडीला सांगतोय. शिट्टी न्हाई ऐकू येत, पण ट्रंपेट थांबला की ह्यो गप होतोय. त्यो गप, मी गप. नवा लई घट्ट. त्यो कुणाचं सांगत न्हाई, आपलंच वरडतोय."

"आणि गाल?"

"गाल तर झांजवाल्याचेबी फुगतात. पानानं." मामा हसले. "आता पैज. सारजीचा आवाज काढ."

मला वाटलं, एवढंच? मी पदर सारखा केल्यासारखं करून तिचा तो सुईसारखा आवाज काढला. "अवो, भाकरी गार होऊलाली की!"

मामा माझ्या ओठांकडे बघत होते. त्यांनी मान हलवली. "बारीक नको बे. बारीक मला तिच्या ओठावर नुस्तं दिसतंय. जाड काढ. माझ्या कानाला पुरंल असा. पण तीच पायजे."

मी छातीतून आवाज काढला. तो रेड्याचा झाला. पुन्हा काढला, अण्णारावांचा झाला. तिचं हेलकावे खात वर जाणं आणि शेवटच्या "की"वर डोकं आपटणं, ते खालच्या सुरात बसवायला जीव मेटाकुटीला आला. आतून सारजाबाई उलथणं घेऊन बाहेर आली. "कोण बोलूलालंय माझ्या आवाजात? म्हैस?"

मामांनी हाताने तिला गप्प केलं आणि कान माझ्या तोंडाशी आणला. "आणखी."

"भाकरी गार होऊलाली की!"

"आणखी."

दिवेलागण झाली, घसा बसला, तरी मामा "पुरे" म्हणेनात. आणि सारजाबाई दाराच्या चौकटीला टेकून, उलथणं हातातच ठेवून, पुढचं काय बोलायचं ते मला सांगत होती.