नळाच्या आवाजाआड

वुडलँड्सच्या आमच्या फ्लॅटमध्ये बायको रोज मनुका भिजत घालते. "पाणी पिऊन टाक, पित्ताला चांगलं असतं," म्हणते. मला तो गोडसर, आंबूस वास आला की घशाखाली काही उतरत नाही.

विद्यार्थी असताना मी याच शहरात, क्वीन्सटाउनला, एका म्हाताऱ्या कॅथलिक फादरांकडे खोली घेऊन राहायचो. त्यांच्या मायदेशात कम्युनिस्टांनी त्यांना आधी तुरुंगात टाकलं होतं, मग देशाबाहेर काढलं होतं. एका दुपारी मी त्यांना सत्यनारायणाचा शिरा दिला. त्यांनी त्यातल्या मनुका वेचून वाटीभर पाण्यात टाकल्या.

"आवडत नाहीत का, फादर?"

त्यांनी स्वयंपाकघरातला नळ पूर्ण सोडला. घरात आम्ही दोघंच होतो, पण भिंतींना कान असतात ही त्यांची जुनी धास्ती. मग पाण्याच्या आवाजाआड ते बोलले. त्यांच्या प्रार्थनाविधीला द्राक्षाची वाइन लागते; तुरुंगात ती कुठली? मनुका भिजवून, पिळून, तळहातावर थेंब घेऊन ते कैद्यांसोबत चोरून प्रार्थना करायचे. मनुका आणून देणारा कैदी एकदा त्यांच्यापाशी पापाची कबुली द्यायला आला. म्हणाला, प्रार्थनेला येणाऱ्या सगळ्यांची नावं मीच पोलिसांना देतो.

"मग तुम्ही बाकीच्यांना सावध केलंत?"

"कबुलीत ऐकलेलं कुणालाही सांगता येत नाही. एकेकाला नेलं. मी त्याच्याच मनुका पिळत राहिलो."

"अजून प्रार्थना करता?"

"करतो. पण माझं ऐकणारे फक्त पोलीसच होते, असं वाटतं."

त्यांनी वाटी बेसिनमध्ये ओतली आणि नळ बंद केला. तेव्हा मला राग आला होता, तो त्यांनी प्रसाद टाकला म्हणून.