घरमालकीणबाईंचं थिएटर

लंडनजवळच्या मेडनहेडला प्रोजेक्टवर गेले तेव्हा कंपनीने दिलेलं गेस्टहाऊस सोडून मी एका म्हाताऱ्या बाईंच्या घरात वरची खोली भाड्याने घेतली. इथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना पहिल्या नावानेच हाक मारायचे, पण नागपूरच्या संस्कारांमुळे मनात त्या कायम 'बाई'च राहिल्या. वय ऐंशीच्या पुढे. पाठ ताठ, आवाज खोल. घरात दोघीच. मी सकाळी ऑफिसला जाई, संध्याकाळी अंधारात परत येई. पहिले काही आठवडे आमचं बोलणं बॉयलर आणि कचऱ्याचे डबे यांच्यापलीकडे गेलं नाही.

ऑफिसमध्ये सगळे चांगले होते. शुक्रवारी 'हॅव अ लव्हली वीकेंड' म्हणत आणि खरंच सोमवारपर्यंत दिसत नसत. शनिवार-रविवारी माझ्याशी बोलणारा आवाज म्हणजे फोनकार्डावरून येणारा आईचा. "जेवलीस का?" यापुढे तिला काय विचारावं कळत नसे, आणि मला काय सांगावं.

एका रविवारी मी वरणाला फोडणी दिली आणि बाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, वासाची तक्रार असणार.

"हिंग आहे ना हे?" त्या म्हणाल्या. "माझ्या क्लबचा आचारी घालायचा. किती वर्षांनी वास आला."

"तुमचा क्लब होता?"

"नाइटक्लब. लंडनला सोहोमध्ये, तळघरात. बस, सांगते."

तेव्हापासून रविवारचं जेवण आम्ही एकत्र घेऊ लागलो. बाई मूळच्या वेल्समधल्या, खाणकामगाराची मुलगी. घरात वेल्श बोलत. नाटकासाठी लंडनला आल्या तेव्हा शिक्षकांनी दातांत बुचाचा तुकडा धरायला लावून त्यांचे उच्चार बदलून टाकले. मग वीसेक वर्षं त्यांनी रंगमंचावर कामं केली. चाळिशी जवळ आली तशा भूमिका आटल्या.

"चहाचा ट्रे घेऊन यायचं आणि 'डॉक्टर आलेत' म्हणायचं," त्या म्हणाल्या. "कंटाळले. म्हटलं, जिथे कोणाला आत घ्यायचं हे मी ठरवेन अशी एक जागा पाहिजे."

म्हणून क्लब. नाटकाचे प्रयोग संपले की नटनट्या तिथे येत, आणि दारात या स्वतः उभ्या. पुढे तिथल्याच चार मित्रांना घेऊन त्यांनी लंडनच्या पूर्वेला बंद पडलेला एक बिस्किटांचा कारखाना मिळवला आणि त्याचं छोटं थिएटर केलं. खुर्च्यांची कापडं त्यांनी स्वतः मशीनवर शिवली होती. मित्र एकेक करून गेले, नवरा आधीच सोडून गेला होता, मूल झालं नाही. पाय दुखायला लागले तसं त्यांनी थिएटर नव्या लोकांच्या हाती दिलं आणि नदीकाठच्या या गावी येऊन राहिल्या. त्यानंतर त्या तिकडे गेल्याच नव्हत्या. "कोणी बोलावलं नाही, आणि मीही विचारलं नाही," एवढंच म्हणाल्या.

त्या वसंतात ट्रेनमध्ये पडलेल्या फुकटच्या पेपरात मी वाचलं, की ते थिएटर दुरुस्त करून पुन्हा उघडतंय आणि रविवारी दुपारी ते सगळ्यांना पाहायला खुलं आहे. बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी कपाट उघडून जुना कोट बाहेर काढला. मग म्हणाल्या, "कोट ड्रायक्लीनला द्यावा लागेल."

रविवारी आम्ही लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवर उतरून टॅक्सी केली. दारातल्या मुलीने हसून पत्रकं दिली आणि मला विचारलं, "आजींना पायऱ्या चालतील ना?" आम्ही मागच्या बाजूला बसलो. बाईंनी खुर्चीच्या नव्या कापडावरून हात फिरवला.

मग तिथला तरुण दिग्दर्शक बोलायला उभा राहिला. चांगला बोलत होता. संस्थापिकेचं नाव त्याने आदराने घेतलं, तिच्या धाडसाबद्दल सांगितलं, आणि म्हणाला, "आज त्या हयात असत्या तर हे पाहून त्यांना किती आनंद झाला असता."

माझ्या कानांवर माझाच विश्वास बसेना. मी उठायला लागले तशी बाईंनी माझं मनगट धरलं.

"बस खाली."

"अहो, पण तो..."

"बोलू दे त्याला. आवाज शेवटपर्यंत पोचतोय त्याचा."

सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. बाईही माझ्या हाताचा आधार घेऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनीही वाजवल्या.

लोक वाइनसाठी बाहेर गेले तेव्हा सभागृह रिकामं झालं. बाई म्हणाल्या, "मला वर ने." रंगमंचाच्या तीन-चार पायऱ्या चढायला आम्हाला वेळ लागला. "आता शेवटच्या रांगेत जाऊन बस."

मी जाऊन बसले. त्यांनी काठी बाजूला टेकवली आणि एकच वाक्य बोलल्या. मोठ्याने नाही, पण ते सरळ माझ्यापर्यंत आलं. भाषा मला कळली नाही.

"काय म्हणालात?"

"वेल्श. 'दार लावून घे, वारा येतोय.' माझी आई रोज म्हणायची." त्या थांबल्या. "इथे उभं राहून मी स्वतः कधी बोलले नव्हते."

तेवढ्यात दिवे बंद करायला आलेल्या माणसाने नम्रपणे सांगितलं, की रंगमंचावर यायला परवानगी नाही. बाई 'सॉरी' म्हणाल्या आणि उतरल्या.

परतीच्या ट्रेनमध्ये मी न राहवून विचारलं, "तुम्ही सांगितलं का नाही?"

"सांगून काय झालं असतं? फोटो काढले असते, मग सगळे आपापल्या घरी गेले असते. आपण याच ट्रेनमध्ये असतो."

मला ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून मी थिएटरला फोन केला आणि बाई जिवंत आहेत असं सांगितलं. पलीकडच्या मुलीने घरचा पत्ता लिहून घेतला. त्या आठवड्यात दिग्दर्शक फुलं घेऊन घरी आला, ओशाळून तासभर बसला, पहिल्या प्रयोगाचं आमंत्रण देऊन गेला. तो गेल्यावर बाईंनी विचारलं, "तू कळवलंस?"

"हो."

"हं." फुलं त्यांनी सिंकमध्ये ठेवली. "मुलगा चांगला आहे. पण क्लबमध्ये कोण कोण यायचं तेवढंच विचारत होता."

प्रयोगाला त्या गेल्या नाहीत. पायांचं कारण सांगितलं.

हिवाळ्यात माझं प्रोजेक्ट मँचेस्टरला हललं. निघताना बाईंनी दारात उभ्या राहून माझ्या कोटाची कॉलर नीट केली, एवढंच. मी दर रविवारी फोन करायचे. हळूहळू त्यांना ऐकू येईना, मग त्या मी बोलत असतानाच 'बरं, ठेवते' म्हणायला लागल्या. पुढे त्यांची भाची त्यांना वेल्सला घेऊन गेली. बाई गेल्याचं भाचीनेच कळवलं, तेही अंत्यविधी होऊन गेल्यावर.

"तुमच्याबद्दल बोलायची ती," भाची म्हणाली. "म्हणायची, वर एक मुलगी राहते, वरण करते. तुम्ही अजून वरच राहता असं तिला वाटायचं."

पुढच्या रविवारी आईला फोन करून झाला होता, बाईंना आता करायचा नव्हता. जेवण झालं होतं. मी कोट घातला, ट्रॅममध्ये बसले, आणि शेवटच्या स्टॉपपर्यंत जाऊन त्याच ट्रॅमने परत आले.