अक्काचा नाद

माझी अक्का मासे पाळून मन रमवत नव्हती.

अक्का गेली, आणि गेल्या तीन दिवसांत "बिचारी मासे पाळून मन रमवायची" हे वाक्य आमच्या घरी येऊन ज्यांनी ज्यांनी उच्चारलं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

चारचौघांत बोलणं मला जमत नाही, हे तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. आज सकाळी मात्र बोलले. त्याची तक्रार नातेवाइकांत फिरतेच आहे, तेव्हा आता पूर्ण ऐका.

अक्का म्हणजे माझी आत्या. वडील तिला अक्का म्हणत, म्हणून आम्हीही. तिने लग्न केलं नाही. बँकेत नोकरी केली, आणि शिवाजी पेठेतल्या आमच्या घराच्या मधल्या खोलीत, दोन फुटी काचेच्या टाकीत, एंजल माशांची पैदास केली.

एंजल हा सिक्लिड कुळातला मासा. जोडी जमली की दोघं मिळून जागा निवडतात, ती तोंडाने घासून स्वच्छ करतात आणि तिथे अंडी घालतात. मग दोघेही पहारा देतात. पंखांनी अंड्यांवर पाणी हलतं ठेवतात. मेलेलं, पांढरं पडलेलं अंडं वेचून बाजूला काढतात.

हे मी पुस्तकात वाचलेलं नाही.

मी पहिलीत असताना माझी पाटी फुटली. मी रडत बसले होते. अक्काने तिची लाकडी चौकट काढली, दगडी तुकडा उकळून घेतला आणि टाकीत तिरका उभा केला.

"रडायलीस कशाला? तुझ्या पाटीवर आता दुसरं कोणतरी गिरवणार हाय."

त्या पाटीवर अंडी आली. दुसऱ्या दिवशी जोडीने ती खाऊन टाकली.

आप्पाकाका, म्हणजे अक्काचा धाकटा भाऊ, दारातूनच ओरडला, "आपलीच पोरं खाणारी जात ही! जैनाच्या घरात असलं पाप कशाला गं, अक्का?"

"भ्यालं की खात्यात, आप्पा. तू एवढ्या मोठ्यानं बोलायलास, मी पण खाल्ली असती."

पुढची अंडी आली त्याच संध्याकाळी आमच्या तालमीच्या संघाने फुटबॉलची फायनल जिंकली. गल्लीत हलगी, फटाके, गुलाल. अक्का पदर खोचून रस्त्यात उतरली.

"पलीकडच्या चौकात वाजवा!"

"अक्का, फायनल मारलीय की!"

"मारा की. माझ्या एंजलनी अंडी घातल्यात."

"मग आम्लेट करा!"

"जैनाच्या दारात उभा राहून आम्लेट मागतोस व्हय रे? थांब, तुझ्या आईला सांगते."

गल्ली हसली. पण तेव्हापासून त्यांची मिरवणूक आमच्या घराशी आली की हलगी थांबायची. चार घरं पुढे गेली की पुन्हा सुरू. यंदा घरात अंडी नसतानाही थांबली होती.

आणि ज्या दिवशी पहिली पिल्लं पाटीवरून सुटली, स्वल्पविरामांएवढी, आईबापांच्या मागे ढगासारखी तरंगू लागली, त्या दिवशी अक्काने तालमीत पेढे पाठवले. माझ्या दहावीच्या निकालालाही तिने इतकी घाई केली नव्हती.

आता आप्पाकाकाविषयी.

तो कबुतरं पाळतो. तीन मुलं, सुना, नातवंडं आहेत. तरी सकाळचा चहा गच्चीवर कबुतरांसोबत घेतो. त्याला आजवर कुणी म्हटलं का, की मुलं विचारत नाहीत म्हणून बिचारा पाखरांत मन रमवतो?

नाही. त्याला म्हणतात, "आप्पांचा नाद म्हंजे नाद!"

पुरुषाने केला की नाद. बाईने केला की रिकामी कूस.

एका बाईची एवढ्या वर्षांची बुद्धी, चिकाटी, पाण्याची पारख, सगळं तुम्ही एका नसलेल्या पाळण्यात कोंबलंत. आणि वर सुस्कारा सोडलात. चौकातल्या श्रद्धांजलीच्या डिजिटल फलकावरही "प्रेमळ, मनमिळाऊ" एवढंच लिहिलंत. अक्का मनमिळाऊ नव्हती. तालमीतल्या मुलांना विचारा.

आज सकाळी रक्षाविसर्जनाहून मंडळी परतली. ती निघाली तेव्हापासून मी मागच्या दारी भांडी घासत होते. आत आले तर टाकीत मासे नव्हते.

"रंकाळ्यात सोडलं," आप्पाकाका म्हणाला. डोळे भरून आलेले, आवाज मऊ. "अक्काच्या नावानं जीव मोकळं केलं बघ. पुण्य लागंल तिला."

मी म्हटलं, "काका, ते काचेत जन्मले. त्यांचे आईबापही काचेत जन्मले. या थंडीत तळ्याच्या पाण्यात ते जगणार नाहीत."

"देवाच्या पाण्यात कोण मरत न्हाई."

"मग तुमची कबुतरंही सोडा."

"ती परत येत्यात की!"

"मासे येत नाहीत, काका!"

हे मी ओरडून म्हटलं. मागून कुणीतरी पुटपुटलं, "लई शिकवलं की पोरी अशा हुतात." होय. अक्कानेच शिकवलं.

काका खजील झाला असावा. काहीतरी करायचं म्हणून टाकीत हात घालू लागला. "ही पाटी तरी धुऊन ठेवतो. बुरशीचं ठिपकं पडल्यात बघ."

मी त्याचा हात धरला.

ते ठिपके बुरशीचे नव्हते. पाटीवर अंडी होती. ज्यांना तुम्ही मोकळं केलंत, ते दोघे त्यांच्यावर पहारा देत होते.

अक्का सांगायची, "आईबाप नसलं तर हवेची नळी पाटीच्या कडंला लाव. बुडबुडं अंड्यांवर न्हाई आणायचं. पाणी तेवढं हलतं ठेवायचं."

नळी लावली आहे. पांढरी पडलेली वेचून काढली आहेत. बाकीची अजून स्वच्छ आहेत. त्यांतली किती फुटतील, मला ठाऊक नाही.

सांत्वनाला यायचं असेल त्यांनी जरूर यावं. मधल्या खोलीत हळू बोलावं. आणि बिचारी हा शब्द उंबऱ्याबाहेर ठेवून यावं.

अक्का, तुला निरोप.

पाणी हलतं ठेवलं आहे.