घोरपडबाईंनी सही केली नाही

रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या बाईंना सगळे घोरपडबाई म्हणत, तेही तोंडावर. आधी त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या. ते काम बंद पडलं तेव्हा चाळिशी उलटली होती. तरी लेकीच्या वयाच्या पोरींबरोबर बसून कॉम्प्युटर दुरुस्ती शिकल्या. एकदा चिकटल्या की सुटत नसत.

त्या महिन्यात नोंदणीच्या खिडकीवरचा कॉम्प्युटर दिवसातून चारचारदा निळा पडून बंद व्हायला लागला. रांगेतले लोक ओरडत. खिडकीवरच्या कारकूनबाई निवृत्तीला टेकलेल्या. व्यवस्थापकांनी खापर त्यांच्यावर फोडलं. "भलत्यासलत्या फाइली उघडतात," असा अहवाल टाइप करून घोरपडबाईंपुढे सरकवला. "सही करा."

"आधी बघते."

"बघायचं काय? सुरक्षा सॉफ्टवेअर बसवणाऱ्या कंपनीनंच सांगितलंय."

घरी नवरा म्हणाला, "करून टाक. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

"वैर माशाशी नाही हो, गळ टाकणाऱ्याशी आहे."

सकाळी त्यांनी मेमरीची पट्टी बदलली. कॉम्प्युटर पडलाच. मग पडताना तो मागे ठेवतो त्या नोंदी उघडल्या. गेल्या तीन दिवसांतल्या अकरा नोंदी, अकराही वेळा एकच नाव: जुन्या सुरक्षा सॉफ्टवेअरचा ड्रायव्हर. कंपनीनं नवं बसवताना जुनं काढलं, पण यंत्राच्या पोटात बसलेला हा तुकडा तसाच राहिला. आता जुना आणि नवा पहारेकरी एकाच दारात एकमेकांची गचांडी धरत होते. बाईंनी सेफ मोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर जरुरीपुरताच सुरू करून, त्या ड्रायव्हरच्या फाइलचं नाव बदललं, म्हणजे ती जागीच होणार नाही. दिवसभर खिडकी सुरळीत चालली.

"कोणाला विचारून हात लावलात?" व्यवस्थापक कडाडले.

"पटत नसेल तर बसा इथे." खिडकी बंद झाल्यावर बाईंनी नाव पूर्ववत केलं. विसाव्या मिनिटाला पडदा निळा!

व्यवस्थापकांचा आवाज खाली आला. "कंपनीशी आपले जुने संबंध आहेत, बाई."

"असतील. अहवाल आता मी लिहिते."

लिहिला, आणि एक प्रत थेट मुख्य डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. दोन दिवसांनी कंपनीचा माणूस आला आणि मान खाली घालून प्रयोगशाळेतल्या नऊही कॉम्प्युटरांमधून तो जुना तुकडा काढून गेला. कारकूनबाई निष्कलंक निवृत्त झाल्या. बढतीच्या यादीत घोरपडबाईंचं नाव मात्र आलं नाही.

कोणी हळहळलं की त्या म्हणत, "उद्या तसाच कागद आणा. उद्याही सही करणार नाही."