ऑरेंजचं यमक

भाचीच्या लग्नात मामाचं काम ठरलेलं असतं. तिला बोहल्यावर आणायचं आणि मागे उभं राहायचं. यात चूक करायला फारसा वाव नाही. तो मला भाचीनंच मिळवून दिला.

आम्ही सगळे इथं न्यूझीलंडला, ती वेलिंग्टनला आयटीत. नवरा मुलगा इथलाच, गोरा. त्याच्या वडिलांची वर उत्तरेला संत्र्यांची बाग. हे गृहस्थ साखरपुड्यापासून गप्प. आमच्याकडे आले की 'किया ओरा' हा इथला माओरी नमस्कार करायचे, जेवायचे, मान हलवायचे आणि जायचे. भाचीनं ते फार मनाला लावून घेतलं होतं.

"मामा, एक मंगलाष्टक इंग्रजीत लिही ना," ती म्हणाली. "त्यांच्या बागेवर. अख्ख्या लग्नात एक तरी गोष्ट त्यांना आपली वाटू दे."

आमच्या घरातल्या सगळ्या लग्नांची मंगलाष्टकं मीच पाडलेली आहेत. 'पाडलेली' हा बायकोचा शब्द. हेही चहा निवायच्या आत झालं. भाचीला फोनवर चालीत म्हणून दाखवलं:

युअर गार्डन गिव्ह्ज अस द स्वीटेस्ट ऑरेंज,
मॅरेज, डिअर चिल्ड्रन, इज अ चॅलेंज.

तिनं मला तिथंच थांबवलं.

"मामा, ऑरेंजला इंग्रजीत यमकच नाहीये. इथल्या शाळेतल्या पोरांनाही माहितीये."

"मग हे काय आहे?"

"तू तसा उच्चार करतोस म्हणून जुळतंय. ते लोक ऑरिंज म्हणतात."

"मग चॅलिंजही म्हणत असतील."

"म्हणतात. तरी त्यांच्या कानाला नाही जुळत."

"लिंबू घालू का? लेमनला काहीतरी सापडेल."

"त्यांची संत्र्यांची बाग आहे, मामा."

शेवटी, निदान उच्चार तरी त्यांच्यासारखे करायचे, यावर तह झाला. मी गाडीत, आंघोळीत, भाजी चिरताना ऑरिंज ऑरिंज करत हिंडलो. बायको म्हणाली, "अहो, लग्न तिचं आहे. तुमची तोंडी परीक्षा नाही."

लग्नाच्या दिवशी वेलिंग्टनजवळच्या पोरिरुआच्या हॉलमध्ये अंतरपाट धरला गेला. गुरुजींनी माईक माझ्याकडे दिला. मी 'ऑरिंज' असं म्हटलं, की इथं जन्मलेल्यानंही म्हटलं नसतं. त्या आनंदात पुढची ओळ सवयीनं आली आणि शेवटी खणखणीत 'चॅलेंज' पडलं. आता ते कुठल्याच भाषेत जुळत नव्हतं.

मराठी बाजूच्या अक्षता मुठीतच राहिल्या. गोरी बाजू कधी टाकायच्या म्हणून मराठी बाजूकडे बघत होती. गुरुजींनी 'सावधान'साठी उघडलेलं तोंड मिटलं. भाचीची मान खाली.

"चॅलिंज, मेट."

पहिल्या रांगेतून भाचीचे सासरे बोलले होते. डोक्यावर फेटा, चेहरा नेहमीसारखा.

"चॅलिंज," मी म्हणालो.

"अगेन," ते म्हणाले.

मी अख्खं कडवं पुन्हा म्हटलं. शेवटचा शब्द त्यांनी माझ्याबरोबर म्हटला, बेसूर आणि मोठ्यानं. अक्षता पडल्या. भाचीचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतेय, पण नव्हती.

जेवताना ते ताट घेऊन माझ्या शेजारी येऊन बसले. श्रीखंड संपवून, यमक मागावं तसं म्हणाले, "सिल्व्हर."

"रिव्हर," मी म्हणालो.

त्यांनी विचार केला. "नो. मंथ?"

मंथलाही इंग्रजीत यमक नाही, हे एव्हाना मलाही कळलं होतं. मी म्हणालो, "ग्रंथ." आणि अर्थ सांगितला, मोठं पुस्तक.

"ग्रंथ," त्यांनी म्हणून पाहिलं. पुन्हा म्हणून पाहिलं. मग हॉलच्या त्या टोकाला फोटो काढून घेत असलेल्या भाचीला हाक मारून बोलावलं, शेजारची खुर्ची तिच्यासाठी ओढली आणि विचारलं, असा शब्द खरंच आहे, की तुझ्या मामानं आत्ता बनवला.