किनुकोबाईंना लिहायचं पत्र

धर्मराजकाका टाय गाडीतच बांधत आणि गाडीतच सोडत. फोनवर बोलतानाही कमरेत वाकत. जेवताना जपानी संसदेतली भाषणं वाचत, त्यामुळे कागदांच्या कडांना वरणाचे डाग. कुणी नाव विचारलं की ‘गजभिये, नागपूर, जय भीम’ असं पूर्ण सांगत, समोर अमेरिकन असला तरी. रविवारची वंदना एकटेच म्हणत, पण खणखणीत.

अमेरिकेतल्या डब्लिन गावी एका मोटार-पार्ट कंपनीत ते जपानी दुभाषे होते. घरी दुसरं कुणी नव्हतं. जवळच्या कोलंबस शहरात शिकणारी उपासना दर शनिवारी यायची, त्यांचं मराठी हस्तलिखित टाइप करायला. ते चरित्र होतं किनुको इसोगावा यांचं.

काका त्यांना बाईच म्हणत. आधी शिवणशाळेत शिक्षिका, मग नगरपालिका, मग बारा वर्षं जपानी संसदेचं वरिष्ठ सभागृह. जपानमध्येही काही वस्त्यांना पिढ्यान्‌पिढ्या अस्पृश्य मानलं गेलं. लग्न ठरवताना, नोकरी देताना लोक गुपचूप माणसाचं मूळ गाव शोधत. ते थांबावं म्हणून बाई भांडल्या. इराकला सैनिक पाठवायला त्यांनी स्वपक्षाविरुद्ध मत दिलं. २००४ साली तिकीट कापलं गेलं.

“हटल्या नाहीत, हटवल्या,” काका म्हणायचे. “टाइप कर.”

बाई स्वतःही त्याच लोकांतल्या. पण आपली वस्ती कोणती, हे त्यांनी कधी उच्चारलं नव्हतं. काकांनी जुन्या कागदांतून ती शोधली. २००६च्या वसंतात पहिलं प्रकरण जपानीत करून इंटरनेटवर टाकलं, वस्तीच्या नावासकट. अभिमानाने. आपल्याकडे असंच करतात, ओळख लपवत नाहीत.

जूनमध्ये बाईंचं पत्र आलं. तीन ओळी. आपला हेतू चांगला होता. माझ्या भाचीचं ठरलेलं लग्न मोडलं. कृपया ते पान काढावं.

पान त्याच दुपारी निघालं. उत्तर मात्र जाईना.

“काका, सरळ सॉरी लिहा ना.”

“सॉरी म्हणजे लपवणं बरोबर होतं, असं होतं गं.”

“मग नका लिहू.”

“आणि त्या पोरीचं काय? तिने काय माझं घोडं मारलं होतं?”

शनिवारचं टायपिंग थांबलं. उपासना यायची, चहा व्हायचा. काका कोरे कागद पुढ्यात घेऊन बसायचे. कंपनीत दोन देशांची भांडणं मिटवणाऱ्या माणसाला एक वाक्य जुळेना. “बाई वाट पाहत असतील,” एवढंच म्हणायचे.

२००७च्या फेब्रुवारीत एका रविवारी, बर्फ उपसून ते घरात आले आणि खुर्चीत बसले ते बसलेच. सोमवारी घरी पाहायला गेलेल्या कंपनीतल्या माणसाचा फोन आला, तेव्हा काका गेल्याचं उपासनाला कळलं. त्यांच्या मोबाइलमध्ये कामाबाहेरचा तिचा तेवढा एकच नंबर होता.

टेबलावर पत्र होतं. जपानी रिवाजाप्रमाणे सुरुवातीला हवापाणी: इकडे बर्फ फार आहे, तिकडे प्लमचा बहर आला असेल. खाली त्यांनी आधी मराठीत जुळवून पाहिलं होतं.

‘बाई, तुमच्या वस्तीचं नाव मी लिहिलं, कारण मला वाटलं’

पुढे कागद कोरा होता.