गाऊन सासूबाईंचा, कोंबड्याही त्यांच्याच

मैत्रिणी फोनवर विचारतात, "काय गं, सासर कसं आहे?" आणि मी त्यांना कोंबड्यांबद्दल सांगत बसते. त्याला इलाज नाही. किस्से आमच्या अंगणातल्या पिसांसारखे आहेत. सकाळी झाडून काढावेत, तर दुपारी कोपऱ्यात पुन्हा ढीग!

लग्नाला सहा महिने झाले. घरात चौघं: सासूबाई म्हणजे आई, सासरे म्हणजे बाबा, बुटीबोरीच्या कंपनीत जाणारा नवरा आणि मी. अंगणात सात कोंबड्या, एक कोंबडा. या सगळ्यांत कमी आवाज माझा.

*

माझं माहेर नागपुरातलंच, पण तिसऱ्या मजल्यावरचं. अंडं फ्रिजच्या दारात उगवतं, एवढंच माझं ज्ञान. आईंनी दुसऱ्याच आठवड्यात काम सोपवलं. "दिवेलागणीले कोंबड्या कोंडाचं काम तुह्यं. एक बी बाहेर राह्यली तं मुंगूस नेते."

आई "आ आ आ, तित् तित् तित्!" असं ओरडल्या की चार घरांपलीकडून कोंबड्या धावत येतात. मी कशी ओरडणार भर अंगणात? जवळ जाऊन हळूच म्हणाले, "चला ना... या ना आत..."

एकीनंही मान वर केली नाही. मान वर आली ती भिंतीपलीकडच्या मंदाकाकूंची. "काहून वं सूनबाई, कोंबड्यायले अहो-जाहो करून राहिली का?"

*

कोंबड्याचं नाव साहेब. साहेबांना नवीन माणूस चालत नाही. हिरवा चुडा दिसला की मान फुगवून थेट अंगावर! पहिल्या दिवशी मी धुण्याच्या दगडावर चढले. दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या बाईकवर. तिसऱ्या दिवशी नवरा मदतीला आला, मग बाईकवर आम्ही दोघं!

आईंची हसून हसून पुरेवाट. "तो माणूस नाही वळखत, कपडा वळखते," म्हणाल्या, आणि स्वतःचा जुना निळा गाऊन आणि डोक्याला बांधायचा रुमाल माझ्या हातात दिला. त्या गाऊनचं कापड बाबांनीच आणलेलं. गांधीबागेत चाळीस वर्षं कापडाच्या दुकानात काढलेला माणूस!

गाऊन घालून मी बाहेर आले. साहेबांनी मला नीट पाहिलं आणि बाजूला होऊन वाट दिली. एवढा मान मला लग्नाच्या मांडवातही मिळाला नव्हता. तेव्हापासून रोज संध्याकाळी तोच माझा युनिफॉर्म.

*

मध्यंतरी एक कोंबडी अंडी देईना. आईंना मुंगसाचा संशय. खुराड्याला नवी जाळी ठोकली, बाबांनी काठी घेऊन पहारा दिला.

होळी झाली आणि मागच्या बाजूला ठेवलेला कूलर बाहेर काढला. आतल्या जुन्या गवतात अकरा अंडी!

मी म्हणाले, "ती रोज सकाळी तिथेच जाते."

"तुले माहीत होतं?"

"हो."

"मंग सांगितलं काहून नाही वं?"

"कोणी विचारलं नाही."

आईंनी कपाळावर हात मारला. बाबा मात्र पेपरच्या आड गेले. पेपर हलत होता.

*

भुरी नावाची कोंबडी दोन दिवस जागची उठेना. पिसं फुगलेली, डोळे शून्यात. पोटाखाली हात घातला तर गरम! मी घाबरून ओला फडका तिच्या डोक्यावर ठेवला आणि नवऱ्याला मेसेज केला, "ताप आहे. डॉक्टर?"

तेवढ्यात आई आणि मंदाकाकू आल्या. आई म्हणाल्या, "ताप नाही वं तो. खुडूक झाली ते. आई व्हायचं हाय तिले."

आणि दोघींनी एकदमच माझ्याकडे पाहिलं.

*

गाऊनचा एक तोटा होता. पाठमोरी मी हुबेहूब आई दिसायचे. एका संध्याकाळी भिंतीवरून मंदाकाकूंचा आवाज आला, "काहो वहिनी, तुमची सून काहीच बोलत नाही. शिष्ट हाय का?"

वळायला हवं होतं. पण तोंडातून निघालं, "हं."

दुसऱ्या दिवशी सगळ्या लेआउटमध्ये, घरोघरी खबर: सून शिष्ट आहे, खुद्द सासूनंच कबूल केलं! आपण असं कधी बोललो, याचा आई दोन दिवस विचार करत होत्या. मी सांगणार होते. रोज सांगणार होते.

गंमत जाऊ दे, पण ते 'शिष्ट' बोचत राहिलं. घरातही सगळ्यांना तसंच वाटत असलं तर? बाबा आणि माझ्यात तर सहा महिन्यांत "चहा" आणि "ठेवला" एवढाच संवाद झालेला.

*

आणि हा किस्सा गेल्या शुक्रवारचा.

दिवेलागण. गाऊन, रुमाल. मी वाकून कोंबड्या आत घालत होते. मागे ओट्यावर खुर्ची सरकली आणि बाबांचा आवाज आला.

"ऐकून राहिली का वं?"

मी वाकलेलीच राहिले.

"ते मंदाबाई काहीबाही सांगते. पोरगी शिष्ट नाही. मलेही कुठं जमते बोलाले? चाळीस वर्ष गिऱ्हाइकासंग बोललो, आता घरी काय बोलावं ते सुचत नाही." खुर्ची पुन्हा करकरली. "तिले सांगजो, सकाळी माह्याजवळ बसून पेपर वाचत जाय. अर्धा मी, अर्धा तिनं. बोललं नाही तरी चालते."

साहेब माझ्या पायाशी उभे होते. मान तिरकी करून ऐकत.

"अन् चहात आलं कमी टाक म्हणजो. सहा महिने झाले, सहन करून राहिलो."

मी आईंच्या आवाजात म्हणाले, "हं."

"बरं," म्हणून बाबा आत गेले.

मी कोंबड्या मोजल्या. साहेब धरून आठही आत. कडी लावली आणि हात कडीवरच राहिला.

आई दुपारीच बहिणीकडे उमरेडला गेल्या होत्या. त्यांना एसटीत बसवून आले होते ते बाबाच.